मास्तरांचं निशाण

बातमीला शब्दमर्यादा असते, मूर्खपणाला नसते. त्यामुळे झाशीत आयुष्यभर बातमीदारी केलेल्या माणसाकडे शेवटी उरतं ते सगळं बातमीबाहेरचं. काही डेस्कने कापलेलं, काही संपादकांना न रुचलेलं, आणि काही, खरं सांगायचं तर, मीच भीतीपोटी गिळलेलं. डायरीच्या मागच्या पानांवर ते साठत जातं. परवा ती पानं चाळली तर लक्षात आलं, निम्मे किस्से एकाच कापडाचे आहेत. दोन हात लांब, हातभर रुंद, मळकट, विटकं कापड. त्याच्यावरून या गावात काय काय झालं ते ऐका. सुरुवातीला हसाल. मीही हसलो होतो!

*

कापड वामनमास्तरांचं. मास्तरांनी जन्मभर इंटर कॉलेजात, म्हणजे इकडच्या बारावीपर्यंतच्या शाळेत, इतिहास शिकवला. गावातले निम्मे वकील, दुकानदार, पुढारी आणि मी त्यांच्या हाताखालून गेलो. आता ते ओरछा गेटच्या आत दोन खोल्यांत एकटे राहतात. त्यांचे पूर्वज माझ्या पूर्वजांसारखेच पेशवाईत कारकुनी करायला इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की हे कापड म्हणजे राणीच्या वेळचं, शहराच्या वेशीवर लागणारं निशाण. लढाईच्या धामधुमीत कोणीतरी उतरवलं आणि पोटाशी बांधून घरी आणलं.

"खरं आहे हे?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं.

"आजोबा सांगत. पण आजोबा म्हणजे पुरावा नव्हे," मास्तर म्हणाले. "जाणत्या माणसाने कापड तपासलं तर कळेल. तोवर मी एवढंच म्हणणार, की जुनं आहे."

मी बातमी लिहिली. आमच्या घरांत झेंड्याला अजून निशाण म्हणतात. माझी कॉपी हिंदी, पण कौतुकाने मी तोच शब्द ठेवला. डेस्कवरच्या पठ्ठ्याने 'ण' चुकलाय असं समजून त्याचा 'न' केला! आता हल्लीच्या हिंदीत निशान म्हणजे खूण, ठसा, डाग. सकाळी मथळा: 'झाँसी में मिले रानी के निशान'. शेजारी फोटो कापडाचा नाहीच, कुठल्याशा दगडावर उमटलेल्या खुराचा!

दहा वाजेपर्यंत मास्तरांच्या दारात तीन बायका उदबत्त्या घेऊन हजर. "मास्साब, वो घोड़े के खुर वाला पत्थर किधर है?"

मास्तरांनी तिघींना पाणी दिलं आणि सगळा घोळ समजावून सांगितला. दोघी हिरमुसून परत गेल्या. तिसरी म्हणाली, "पत्थर नहीं है तो चौखट ही सही," आणि उंबऱ्याला कुंकू लावून, नमस्कार करून गेली.

संध्याकाळी मास्तर मला म्हणाले, "दिनू, इतिहासात तुला मी पास केलं. भाषेत कोणी केलं रे?"

*

यानंतर कितीतरी वर्षं कापड ट्रंकेत गप्प होतं. मग राणीच्या जयंतीची मिरवणूक मोठी होत गेली. एका वर्षी चित्ररथावर पुढे भगवा झेंडा आणि मागे लाल झेंडा असं झालं. दोन्ही बाजूंचं म्हणणं, राणीचा खरा झेंडा आमचाच. चौकात चित्ररथ तासभर अडून राहिला. रथावरची राणी झालेली मुलगी उन्हात घोड्यावर बसून रडायला लागली, तेव्हा बंदोबस्तावरचा दरोगा ओरडला, "पहले तय कर लो कौन सा झंडा था, फिर जुलूस निकालना!"

म्हणून 'ऐतिहासिक ध्वज निर्णय समिती' निघाली. अध्यक्षजींचा बिजौलीला सिमेंटच्या पाइपांचा कारखाना आहे. ते भगव्याचे. लाल पक्षाचे पुढारी म्हणजे वकीलसाहेब. सेक्रेटरी झाला आमचा श्रीकांत. श्रीकांतचे आजोबा रेल्वेत भुसावळहून बदलून आलेले, हाही रेल्वेतच. मराठी त्याला समजतं, पण बोलताना दोन पावलांवर हिंदी लागतं. "काका, मी आपको फोन करणार होतो, पर रह गया," अशी त्याची भाषा. मनाने सोनं. मास्तरांना सभासद केलं ते कापड त्यांच्याकडे म्हणून, आणि मला घेतलं ते बातमी यावी म्हणून.

पहिल्या बैठकीत मास्तर उठले. "रंग उडालेल्या कापडाचा मूळ रंग सांगणारे तज्ज्ञ असतात. आपण एखाद्या तज्ज्ञाला बोलावू या. ते सांगतील तो निर्णय."

अध्यक्षजींनी हात जोडले. "मास्साब, आपकी बात सिर आँखों पर। ऐसा करते हैं, निर्णय आज कर लेते हैं, प्रमाण बाद में मँगवा लेंगे!"

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. फक्त निर्णय काय, तेवढं राहिलं.

*

दतिया गेटपाशी खाँसाहेबांचं शिंप्याचं दुकान आहे. मिरवणुकीचे झेंडे तिथेच शिवले जातात. भगवे, लाल, हिरवे, निळे, सगळे एकाच मशीनवर. मी एकदा गेलो तर डाव्या बाजूला भगव्याची रास, उजव्या बाजूला लालची, आणि मधे खाँसाहेब चहा पीत बसलेले.

"खाँसाहब, आपको क्या लगता है, असली कौन सा?"

"हओ, हमें तो एक ही बात लगती है," ते म्हणाले. "दोनों का कपड़ा कच्चे रंग का है। पहली बारिश में दोनों तरफ वाले गुलाबी हो जाएँगे!"

मी मास्तरांना कापड घेऊन त्यांच्याकडे नेलं. अख्ख्या गावात त्या कापडाला हात लावण्याआधी स्वतःचे हात धुणारा तो एकच माणूस. खाँसाहेबांनी चष्मा वर केला, कडेवरून बोट फिरवलं आणि जिथे काठी ओवतात त्या नेफ्यापाशी थांबले.

"मास्साब, यह नेफा हाथ का सिला है। कपड़ा यहाँ दोहरा मुड़ा है। ऊपर का रंग धूप ले गई। पर इस मोड़ के अंदर धूप गई ही नहीं। रंग अंदर बैठा होगा, जैसा का तैसा।"

मास्तर पुढे वाकून ती शिवण निरखू लागले. इतकी वर्षं ट्रंकेत त्यांनी ते कापड जपलं, आणि उत्तर त्याच्या घडीत शिवलेलं!

"उधेड़ूँ?" खाँसाहेबांनी बारीक कात्री उचलली. "चार टाँके का काम है।"

मी म्हटलं, उसवा. मास्तरांनी माझा हात धरला. "नाही. इथे आपण तिघं. उद्या दोन्हीकडचे म्हणतील, यांनी आतून रंगवलं. तज्ज्ञांनी सगळ्यांसमोर उसवावं, तरच त्याला अर्थ."

खाँसाहेबांनी कात्री खाली ठेवली. ती कात्री मला अजून दिसते. चार टाके!

*

समितीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. सकाळी देवांचे फोटो आणि दुपारी शिव्या, असा दिनक्रम. मग कोणीतरी रंग ठरवायला ग्रुपवर मतदान टाकलं. पर्याय दोन: भगवा, लाल. वकीलसाहेबांनी आपल्या चार पक्षकारांना ग्रुपमध्ये घेतलं, तर अध्यक्षजींनी कारखान्याची अख्खी शिफ्ट घेतली! एका कामगाराने विचारलं, "साहब, इसमें छुट्टी वाला बटन कौन सा है?"

मास्तरांना टायपिंग येत नाही. त्यांनी कागदावर एक ओळ लिहिली आणि श्रीकांतने तिचा फोटो टाकला. "रंग का निर्णय मत से नहीं होता। कपड़े से पूछिए।"

पाच मिनिटं गेली. मग पहिला मेसेज: "मास्टरजी पहले यह बताएँ, वे किसकी तरफ हैं?"

दुसरा: "जो प्रमाण माँगे, समझ लो मन में चोर है।"

मग एकामागून एक सुरू झालं. त्यात मास्तरांचे विद्यार्थी मी मोजत बसलो आणि नंतर मोजणं सोडून दिलं. वकीलसाहेब त्यांचे लाडके विद्यार्थी होते. त्यांनी आवाजाचा मेसेज टाकला. कापऱ्या सुरात म्हणाले, "मास्साब, आस्था का प्रमाण माँगना आपने हमें कब सिखाया?"

श्रीकांतने तो मेसेज मास्तरांना ऐकवला. मास्तर म्हणाले, "नववीत. सहामाहीनंतर. तो त्या आठवड्यात गैरहजर होता."

त्यानंतर त्यांच्या गल्लीत एक बदल झाला. जाता-येता पायाला हात लावणारे लोक पलीकडच्या बाजूने जाऊ लागले. मास्तर संध्याकाळी ओट्यावर बसायचे ते खोलीत बसायला लागले.

*

पुढची बैठक म्हणजे जाहीर सभा. बाहेरून एक ओजस्वी वक्ता आणला होता. काय बोलला म्हणता! माता, मृत्तिका, रक्त, राख. बायका डोळे पुसत होत्या. अध्यक्षजी रडले, वकीलसाहेब रडले. शेवटी तो गरजला, "और वह ध्वज, जिसके लिए प्राण दिए गए, उसका रंग था..." आणि थांबला! सभा श्वास रोखून. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला आणि घाम पुसला. मग हळूच खाली वाकून पहिल्या रांगेत श्रीकांतला विचारलं, "भैया, यहाँ कौन सा चल रहा है?"

मी नंतर मुद्दाम त्याचा कागद पाहिला. रंगाच्या जागी टिंबं होती. मला म्हणाला, "पत्रकारजी, यही भाषण चार जिलों में देता हूँ। भावना सब जगह एक है, बस रंग बदलता है।"

प्रामाणिक माणूस, असं मला तेव्हा वाटलं. दोन्ही बाजू मात्र घरी जाताना सांगत होत्या की वक्ता आपलाच होता.

*

आता माझा स्वतःचा किस्सा. हा मी मित्रांत सांगत नाही.

त्या सभेची बातमी मी मनापासून लिहिली. मास्तरांचं म्हणणं, नेफ्यातला रंग, खाँसाहेबांचं निरीक्षण, सगळं. रात्रपाळीच्या वृत्तसंपादकाचा फोन आला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. "दादा, कॉपी अच्छी है। पर इसमें झगड़ा कहाँ है?"

"झगडा नाही, म्हणून तर बातमी आहे!"

"दादा, 'जाँच होगी' पर कौन क्लिक करेगा? थोड़ा गरम कीजिए।"

मी बराच भांडलो. मग निवृत्तीला उरलेले महिने आठवले आणि मी ते गरम केलं. मथळा आला, 'ध्वज विवाद गहराया, पूर्व शिक्षक के बयान से लोगों में रोष'. बयान काय होतं? 'तपासून पाहा.' बातमीत तेवढंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे गेलो. अंक समोर होता. त्यांनी लाल पेन्सिलीने एक शब्द अधोरेखित केला होता: रोष. समासात वहीत देत तसा शेरा: 'कोणाचा?'

त्यांनी चहा टाकला. आलं किसून घातलं. मी नववीत असताना खोकायचो, ते त्यांच्या लक्षात होतं.

*

लखनौच्या एका जाणत्या बाई जुन्या कापडांवर काम करतात. मास्तर त्यांना दोन वर्षं पत्रं लिहीत होते. शेवटी त्या यायला तयार झाल्या. तारीख ठरली. सगळ्यांसमोर नेफा उसवायचा आणि रंग पाहायचा. अध्यक्षजी आणि वकीलसाहेब दोघांनीही मान्य केलं, कारण दोघांनाही आतल्या रंगाची खात्री होती!

मास्तरांची मुलगी नागपूरला असते. "बाबा, किती दिवस एकटे राहणार? डोळे गेलेत, गुडघे गेलेत," असं ती दर रविवारी फोनवर म्हणे. मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "निशाणाचं मार्गी लागलं की येतो." तारीख ठरल्यावर त्यांनी पहिल्यांदा मला स्टेशनवर पाठवून तिकीट काढून घेतलं. सभेच्या दुसऱ्या दिवशीचं. फक्त जायचं.

"रंग भगवा निघाला तर?" मी विचारलं.

"तर भगवा."

"लाल निघाला तर?"

"तर लाल. आणि काहीच निघालं नाही तर काहीच नाही. दिनू, मला जिंकायचं नाहीये रे. या गावाने एकदा तरी, एकाच गोष्टीकडे, सगळ्यांनी मिळून नीट बघावं, एवढंच."

समितीचा नियम निघाला की कापड आठ दिवस आधी सेक्रेटरीच्या ताब्यात द्यायचं, म्हणजे मास्तर काही करणार नाहीत! मास्तर हसले. त्यांनी कापड मलमलीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवली. पेटीतून उचलताना कोणी ओढू नये, जीर्ण कड फाटू नये म्हणून. दोनच ओळी:

'जुने निशाण.
काळजीपूर्वक काढावे.'

श्रीकांत पेटी घेऊन गेला. जाताना मास्तरांच्या पाया पडला. त्या महिन्यात पाया पडलेला तो एकटाच. "काका, चिंता करू नका. चिठ्ठीत लिहिलंय तसंच करणार, एकदम!"

सभेच्या दिवशी हॉल भरलेला. भगवे डावीकडे, लाल उजवीकडे. टेबलावर पांढरी चादर, लखनौच्या बाई भिंग पुसत बसलेल्या, शेजारी खाँसाहेब कात्री घेऊन. मास्तर कोट घालून आले होते. श्रीकांतने पेटी आणली आणि उघडली.

वर प्लास्टिकचं करकरीत पाकीट. पाकिटात कडक इस्त्रीची घडी. त्याने ती दोन्ही हातांनी उलगडून धरली. कापड पांढरंशुभ्र होतं. दुधासारखं!

मग मागून आवाज आला, "सफेद?"

"सफेद झंडा?" वकीलसाहेब उठले. "मतलब क्या? रानी ने समर्पण किया था?"

"कौन कहता है समर्पण किया?" अध्यक्षजी गरजले. "किसका कपड़ा है यह?"

इतक्या महिन्यांत समितीचं पहिल्यांदा एकमत झालं. दोन्ही बाजूंचे हात एकाच दिशेला, मास्तरांकडे. "मास्साब माफी माँगें! माफी माँगें!" वकीलसाहेबांचा आवाज सगळ्यात वर.

श्रीकांत रडकुंडीला आला होता. "काका, तुम्हीच तर लिहिलं था! जुने निशान, काळजीपूर्वक काढावे! मी स्वतः सदर बाजार में सबसे अच्छे ड्रायक्लीनर को दिया!"

मास्तरांना बहुतेक त्यातलं काही ऐकू आलं नाही. ते टेबलापाशी गेले, चष्मा काढला, कापड डोळ्यांजवळ नेलं आणि अंगठ्याने नेफा चाचपू लागले. खाँसाहेब वाकले, पाहिलं आणि हळूच म्हणाले, "खोल के धोया है, मास्साब। सिलाई नई है। मशीन की।"

मास्तरांचा अंगठा तरी फिरतच राहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक गृहस्थ उठून पुढे आले. श्रीकांतने त्यांना सत्कारासाठी मुद्दाम बोलावलं होतं. गळ्यात हार होता, आणि गोंधळ कसला ते त्यांना कळलेलं नव्हतं. मास्तरांसमोर ते नम्रपणे वाकले.

"मास्साब, बहुत पुराने थे। तीन बार घोल में डालना पड़ा, सिलाई तक खोल के साफ की। आप तसल्ली से देख लीजिए, एक भी निशान नहीं छोड़ा!"